पांढरा तेवढा राहिला होता

१

बन्सी दौंडच्या स्टेशनवर पार्सल ऑफिसात कारकून होता आणि गिटार वाजवायचा. नव्या माणसाला याचं नवल वाटे, दौंडच्या लोकांना नाही. रेल्वेच्या वसाहतीत गोव्याचे, मद्रासकडचे, अँग्लो-इंडियन असे कितीतरी ड्रायव्हर आणि गार्ड राहायचे. नाताळात रेल्वेच्या क्लबात, इन्स्टिट्यूटमध्ये, नाच व्हायचा आणि बन्सीसारखी बौद्ध वस्तीतली पोरं खिडकीला लोंबकळून तो बघायची. त्यातल्या मस्करेन्हस नावाच्या गार्डानं एकदा खिडकीतल्या या पोराला आत बोलावलं आणि हातात गिटार दिली. पुढं म्हातारा निवृत्त होऊन गोव्याला गेला, तेव्हा ती गिटार बन्सीच्याच घरी राहिली.

त्याची बायको सिंधू प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. संध्याकाळी तो ड्यूटीवरून आला की चहा घ्यायचा, क्वार्टरच्या पायरीवर बसायचा आणि वाजवायचा. ती आत भाजी निवडत ऐकायची. स्वतः बांधलेल्या चालींना नावं काय द्यावीत हे त्याला कळत नसे, म्हणून तो रंग सांगायचा. आज हिरवा वाजवतो, म्हणायचा. हिरवा म्हणजे राहू गावच्या मळ्यात लहानपणी उसात लपून बसल्याची चाल. पिवळा म्हणजे यवतला शेवंतीच्या वावरात त्याची आई फुलं तोडायला जायची, तिथली.

शहात्तर सालच्या सुरुवातीला पुण्याहून रेकॉर्डच्या कंपनीतले एक साहेब इन्स्टिट्यूटमधल्या कार्यक्रमाला आले होते. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, याची मोठी तबकडी काढू. गाणं नाही, तबला नाही, नुसती गिटार. सात रंग, सात चाली. स्टुडिओचा खर्च नको म्हणून त्यांनी बॅटरीवर चालणारा, स्पूल फिरणारा टेपरेकॉर्डर बन्सीच्या हवाली केला आणि सांगितलं, शांत जागी बसून भरून आणा.

दौंडात शांत जागा कुठली? शंटिंगचे धक्के आणि इंजिनांच्या शिट्ट्या प्रत्येक टेपमध्ये घुसायच्या. शेवटी बन्सीला आपल्या थोरल्या बहिणीची आठवण झाली. भागुबाई शिरूर तालुक्यात, इनामगावच्या अलीकडं घोड नदीच्या काठावर राहायची. तिच्या वावराच्या कडेला पाटबंधारे खात्यानं मोजणीच्या वेळी बांधलेली एक दगडी खोली होती. मोजणी झाली, माणसं गेली, खोली राहिली. चार भिंती, फळ्यांचं एक दार आणि आत एक लाकडी खुर्ची.

रविवारी सकाळी शिरूरच्या एस.टी.नं जायचं, दुपारी भरायचं, संध्याकाळी परत यायचं, असं ठरलं.

२

पहिल्या रविवारी पिवळा झाला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर सिंधूनं तो ऐकला. चाल तिला पाठ होती, पण इतकी चांगली तिनं कधी ऐकली नव्हती. शेवटचा सूर विरला, आणि मग टेपवर बन्सी हसला. मोठ्यानं नाही. मनासारखं झालं की तो गळ्यातल्या गळ्यात हसायचा, तसा.

"हे हसणं राहू द्या, पुसू नका," ती म्हणाली.

बन्सीनं टेप मागं घेतली आणि पुन्हा ऐकली. "मी हसलो न्हाई," तो म्हणाला. "वाजवून झाल्यावर दम धरून बसलो हुतो. टेप बंद करोस्तवर हललोसुदिक न्हाई."

तिला वाटलं, त्याच्या ध्यानात राहिलं नसेल. एकट्यानं बसलेला माणूस हसला तर त्याची नोंद कोण ठेवतं? विषय तिथंच संपला.

पुढच्या रविवारी हिरवा झाला. टेपवर सूर संपल्यावर कुणीतरी पोरासारखी हलकी शीळ घातली. या वेळी सिंधूनं विचारलं नाही. पिवळ्याच्या टेपवर मागं चिमण्या होत्या, नदीवरचं पाण्याचं इंजिन होतं. हिरव्याच्या टेपवर बाहेरचं काहीच नव्हतं. नुसती खोली ऐकू येत होती.

३

तिसरा राखी होता. ती चाल बन्सी घरात फारशी वाजवायचा नाही. बहात्तरच्या दुष्काळात त्याचे वडील खडी फोडायच्या कामावर होते आणि तिथंच उन्हात बसल्या जागी गेले. निरोप मिळून बन्सी पोचला, तेव्हा त्यांच्या अंगावर, भुवयांवर खडीची भुकटी बसलेली होती. तेव्हापासून त्याची झोप मोडायची. स्वप्नात तो ती भुकटी पुसत बसायचा.

राखी भरून आला त्या संध्याकाळी तो पोटभर जेवला आणि सकाळपर्यंत गाढ झोपला. त्या आठवड्यात एकदाही त्याची झोप मोडली नाही. सिंधूला बरं वाटलं.

"तिथं बसल्यावं हलकं वाटतं," तो तिला म्हणाला. "वाजवून झालं की ते तिथंच ऱ्हातंय. घरी आणाया लागत न्हाई."

चार दिवसांनी शाळेतले एक मास्तर घरी आले होते. बोलता बोलता दुष्काळाचा विषय निघाला. बन्सीनं वडिलांची हकीकत सांगितली. काम कुठं होतं, मुकादम कोण, ऊन किती. सगळं नीट, ओळीनं, मधे न थांबता सांगितलं आणि मग विचारलं, साखर अजून घालू का? मास्तर गेल्यावर सिंधू कपबशा विसळत बराच वेळ मोरीत बसली. ही हकीकत याआधी त्याला कधी शेवटपर्यंत सांगता आली नव्हती.

तेव्हा तिला आठवलं, पिवळा भरल्यापासून तो हसलेलाही नाही. टेपवर हसला तेच शेवटचं.

तिनं स्वतःला समजावलं. कामाचा ताण आहे, दर रविवारची दगदग आहे. दुःख कमी होणं हा काही आजार नव्हे. सिंधूच्या वडिलांनी, राहूच्या आण्णांनी, छप्पन साली धर्मांतर झाल्यावर घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले होते. भूत, करणी, नजर या शब्दांना त्यांच्या घरात थारा नव्हता. जे घडतं त्याला कारण असतं आणि ते शोधायचं असतं, असं आण्णांनी तिला शिकवलं होतं. तीही वर्गात पोरांना तेच शिकवायची. तिनं बन्सीला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्त तपासलं आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. तब्येत उत्तम आहे म्हणाले.

४

निळा एप्रिलच्या पहिल्या रविवारी झाला. ती मिरवणुकीची चाल होती. वडिलांच्या खांद्यावर बसून निळ्या झेंड्यांच्या गर्दीत पाहिलेली पहिली जयंती त्याच्या मनात होती. दरवर्षी चौदा एप्रिलला बन्सी सगळ्यांच्या पुढं असायचा, घोषणा देऊन त्याचा आवाज बसायचा आणि पुढं दोन दिवस तो खुणांनी बोलायचा.

त्या वर्षी तो मिरवणुकीत आला. इस्त्रीचा सदरा घालून रस्त्याच्या कडेला उभा राहिला. ढोल वाजत होते, लोक नाचत होते, कुणीतरी त्याच्या हातात झेंडा दिला. त्यानं तो धरला आणि थोड्या वेळानं शेजारच्या माणसाला दिला. रस्त्यापलीकडून सिंधू त्याच्या तोंडाकडं बघत होती. आगगाडीची वाट बघणाऱ्या माणसाचं असतं तसं ते तोंड होतं.

घरी येऊन तिनं कपाटातली निळ्याची टेप काढली आणि लावली. चाल संपली. मग आतून, खोलीच्या पार आतून, बसलेल्या आवाजात कुणीतरी जयभीम म्हणालं.

तिनं मशीन बंद केलं.

५

मग जांभळा झाला. आता तांबडा आणि पांढरा राहिले. तांबड्याच्या रविवारी सिंधू हट्टानं बरोबर गेली.

भागुबाईनं दोघांना भाकरी वाढली. सिंधूला बाजूला घेऊन ती म्हणाली, "ह्यो आल्यापास्नं मला 'अक्का' म्हणला न्हाई. पाव्हण्यावानी बसतो आन् पाव्हण्यावानी जातो. एखांद्या जाणत्याला दाखीव गं."

"तसलं काही करायचं नाही, वन्सं," सिंधू म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

बन्सी खोलीकडं गेला. सिंधूनं सोबत यायचं म्हटलं, तर तो शांतपणे नको म्हणाला. तांबडा हा रागाचा रंग होता. दोन वर्षांमागं याच रस्त्याच्या फाट्यावर हौसरावच्या हॉटेलात त्याला खिडकीत पालथा घातलेला वेगळा कप दिला होता. बन्सीनं तो रस्त्यावर आपटून फोडला होता. गर्दी जमली, दोघातिघांनी त्याची कॉलर धरली, तरी तो मागं हटला नव्हता. त्याच रात्री घरी येऊन त्यानं तांबडा बांधला होता.

दुपार कलल्यावर तो परत आला. एस.टी.ला अवकाश होता, म्हणून दोघं फाट्यावर हौसरावच्या बाकड्यावर बसली. चहा आला. फोडलेल्या कपाच्या जागी आलेला हा दुसरा कप सिंधूनं ओळखला. कानाला तडा गेलेला, खिडकीतला. ती उठून उभी राहिली.

बन्सीनं चहा पिऊन टाकला. मग तो पिंपाजवळ गेला, कप विसळला, खिडकीत पालथा घातला आणि हौसरावला विचारलं, "बरोबर धुतलाय ना, बघा."

हौसराव गल्ल्यामागं उभा होता. त्यानं बन्सीकडं पाहिलं, मग सिंधूकडं, आणि मान खाली घातली. त्यालाही ते बघवलं नसावं.

एस.टी.त सिंधू खिडकीकडं तोंड करून रडली. बन्सीनं तिला रुमाल दिला. काय झालं, असं विचारलं नाही.

६

आता पांढरा राहिला होता. पांढरी होती सिंधूची लग्नातली साडी. तथागताच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं दोघं उभी राहिली तेव्हा ती इतकी थरथरत होती, की बन्सीनं सगळ्यांदेखत तिचा हात धरून ठेवला होता. पांढरा तिचा होता, हे त्यानं तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं.

त्याच्यात तिच्याबद्दलचं तेवढं अजून शिल्लक होतं. हसू, राग, दुःख काही नव्हतं, पण ती शाळेतून यायच्या वेळी तो दारात उभा असायचा. तिच्या पाठीवरून हात फिरवायचा. त्याच्यातला तेवढाच माणूस घरात उरला होता आणि तो तिच्यापुरता होता.

एका संध्याकाळी तिनं त्याचे दोन्ही हात धरले. "पांढरा भरू नका. साहेबांना सहाच द्या. नाहीतर रेकॉर्डच नको."

"मला पण भ्या वाटतंय का, तेच कळत न्हाई," तो म्हणाला. "पण तू म्हणतीस तर न्हाई भरत."

"वचन द्या."

"दिलं."

त्याच्या पुढच्या रविवारी ड्यूटी लागलीय असं सांगून, ती नळावर गेली असताना तो डबा घेऊन गेला. दहाच्या सुमारास पार्सल ऑफिसातला हमाल विचारत आला, बन्सीसाहेब आज रजेवर आहेत, तर गोदामाची किल्ली कुठं आहे? सिंधूनं कपाट उघडलं. टेपरेकॉर्डर नव्हता. गिटारही नव्हती.

७

ती फाट्यावर उतरली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. भागुबाईच्या घराला वळसा घालून ती सरळ वावरातून निघाली. नदीला पाणी थोडं होतं. कुठं पाखरू नव्हतं की इंजिन नव्हतं. स्वतःच्या चपलांचा आवाजही तिला लांबून आल्यासारखा वाटत होता.

खोलीचं दार लावलेलं होतं आणि आत पांढरा वाजत होता.

ती चाल तिनं कितीदा ऐकली होती, पण ही तीच असूनही वेगळी होती. यात तिची थरथर होती. पुढं झालेला हात होता. लग्नाच्या दिवशीचा सबंध बन्सी त्यात होता, आणि नंतरचे सगळे बन्सीही, जे तिनं गेल्या काही महिन्यांत एकेक करून गमावले होते. तिच्या मनात आलं, उशीर झालेला नाही, अजून तो वाजवतोय. ती दाराकडं धावली.

"उघडू नका."

आवाज मागून आला. नदीकडून बन्सी येत होता. केस ओले होते, खांद्यावर टॉवेल होता. तो सावकाश चढ चढून तिच्यापासून थोड्या अंतरावर उभा राहिला. आत गिटार वाजतच होती.

"टेप लावलीय का?" तिनं विचारलं. तिच्या डोक्यानं तेवढं एकच कारण शोधलं होतं.

"न्हाई. भरणं चालू हाय."

"आत कोण आहे?"

"मीच हाय," बन्सी म्हणाला. "थोडं राह्यलंय. हुंद्या."

लग्न झाल्यापासून तो तिला एकेरी हाक मारायचा. आता उघडू नका म्हणाला, हुंद्या म्हणाला. ते ऐकून तिला आतल्या वाजण्यापेक्षा जास्त भीती वाटली.

दाराच्या दोन फळ्यांमध्ये फट होती. तिनं डोळा लावला. आत अंधार होता आणि छपराच्या भोकातून उन्हाचा एक कवडसा खुर्चीवर पडला होता. आधी तिला डावा हात दिसला. पार्सलच्या पेटीखाली सापडून वाकडी झालेली बन्सीची करंगळी तारेवर टेकलेली. मग चेहरा वर झाला. डोळे भरलेले होते, कपाळावरची शीर ताठ होती आणि ओठ हसत होते, सगळं एकाच वेळी. त्यानं फटीकडं पाहिलं. तिला ओळखलं. त्याचे ओठ हलले, पण शब्द तिच्यापर्यंत आले नाहीत.

तिनं दोन्ही हातांनी दार ढकललं. ते अडकलेलं नव्हतंच, लगेच उघडलं.

खुर्चीवर गिटार आडवी ठेवलेली होती. तारा थरथरत होत्या आणि तिच्या डोळ्यांदेखत शांत झाल्या. खाली टेपरेकॉर्डरचं भरलेलं चाक फिरत होतं आणि टेपचं सुटलेलं टोक प्रत्येक फेऱ्याला टप टप वाजत होतं. बाकी खोलीत काही नव्हतं. तिनं भिंतींवरून हात फिरवले. खुर्चीखाली पाहिलं. खुर्चीची बैठक उबदार होती.

बन्सी उंबऱ्याबाहेर उभा होता. "चला," तो म्हणाला. "गाडी चुकंल."

८

ती टेप तिनं ऐकली नाही. एका दुपारी तिनं चूल पेटवली आणि सातही स्पूल समोर घेऊन बसली. जाळायच्या ठरवूनच बसली होती. पहिलं स्पूल हातात घेतल्यावर तिला वाटलं, हे जळलं तर तो कुठं जाईल? खोलीत तर नव्हता. घरात नव्हता. असला तर एवढ्याच जागेत होता. तिनं चूल विझवली आणि टेपा पुण्याला धाडल्या.

घोडकाठच्या त्या खोलीवर ती पुढंही जात राहिली. दार उघडून खुर्चीवर बसायची, हाक मारायची. मग भागुबाईच्या नवऱ्यानं खोलीला चुना लावून त्यात कांदा भरला.

बन्सीला बढती मिळाली. तो वेळेवर जायचा, वेळेवर यायचा, वर आवाज करून बोलायचा नाही. असा नवरा नशिबानं मिळतो, असं शेजारणी म्हणायच्या. ती दमलेली दिसली तर तो पाणी आणून द्यायचा, आणि ती पिऊन होईपर्यंत उभा राहायचा.

गिटारीला त्यानं पुन्हा हात लावला नाही. नाताळात इन्स्टिट्यूटची माणसं बोलवायला आली, तेव्हा त्याला बोलावणं कशाचं तेच कळलं नाही.

तबकडी सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यानंतर आली. वेष्टनावर सात रंगांचे पट्टे आणि खाली बन्सीचं नाव होतं. सिंधूनं शाळेतून ग्रामोफोन मागून आणला. रविवारची दुपार होती. बन्सीला दुसऱ्या पाळीला जायचं होतं आणि तो गणवेश घालून खाटेवर बसला होता. तिनं सुई टेकवली.

पिवळ्यापासून तांबड्यापर्यंत त्यानं सगळं ऐकलं. मधे तबकडी उलटली तेव्हाही तो उठला नाही. पांढरा सुरू झाला. सिंधू त्याच्या तोंडाकडं बघत होती. पापणीचं हलणं, बोटांची चाळवाचाळव, काहीतरी दिसेल म्हणून बघत होती.

"चांगलं वाजवत्यात," तो म्हणाला. "कोण हायत?"

तिनं वेष्टन त्याच्या हातात दिलं. त्यानं स्वतःचं नाव वाचलं आणि मान हलवली.

"नावबंधू हायत की. हितलेच का?"

"हो. स्टेशनात होते."

"आता कुठं असत्यात?"

ती ग्रामोफोनकडं वळली. मग त्यानं वेष्टन नीट खाटेवर ठेवलं, टोपी घेतली, चपला घातल्या. तिला एकटीला ऐकायचं असेल असं त्याला वाटलं असावं. बाहेर पडताना त्यानं दार ओढून घेतलं.

पांढरा संपला. सुई रिकाम्या जागेवरून घासत निघाली. सिंधूनं ती उचलायला हात पुढं केला, तेवढ्यात तबकडीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पावलं जवळ आली. दाराच्या फळ्यांवर आतून कुणीतरी तळहात टेकवले.

"सिंधू," बन्सी म्हणाला, "दार उघड की गं."